किस्पेचं किस्बर्ट

कालापाम्पा,
३ जून १९७९

चि. इलारियोस,
ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर तुझं शहरी आडनाव घातलं आहे. मागच्या वेळी ‘किस्पे’ लिहिलं, तर तुमच्या घरमालकाने असा कोणी माणूस इथे राहत नाही म्हणून पत्र परत धाडलं. कोर्टात जाऊन तू किस्पेचं किस्बर्ट करून घेतलंस त्याला आठ वर्षं झाली, पण लग्नानंतरही किस्पेच राहिलेल्या माझ्या हाताला अजून ते वळण पडत नाही. ‘ट’शी आलं की पेन अडखळतं.

इकडे कडाक्याचं दंव पडतंय, म्हणजे आनंदच. बटाटे रानात पसरलेत, रात्री ते गोठतात आणि उन्हं आली की आम्ही बायका अनवाणी पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढतो. चुन्यो यंदा भरपूर होईल. तुझं पोतं बाजूला ठेवते. तुझ्या सासूबाईंना वास येतो म्हणे, तर गच्चीवर ठेव.

आता कामाचं. महिनाअखेर ला पाझला आपल्या लोकांचं मोठं अधिवेशन आहे. दोनशे वर्षांपूर्वी स्पॅनिशांशी लढलेल्या आपल्या काटारीचं नाव घेऊन जी मंडळी गावोगाव हिंडताहेत, त्यांनी बोलावलंय. त्यांचं म्हणणं असं की सरकारने आपल्याला ‘शेतकरी’ हा गुळगुळीत शब्द दिला आणि आपण आयमारा आहोत हेच विसरायला लावलं. आपली भाषा, आपली जमीन, आपले गावपंच यांच्याबद्दल यापुढे आपणच बोलायचं. कालापाम्पातर्फे बोलायला सभेने मला निवडलं. हसू नकोस. सेवेरो मामानी म्हणाला की हिलाच पाठवा, तेवढे दिवस तरी गावाच्या कानांना विश्रांती मिळेल, आणि सगळ्यांनी हात वर केले.

मी एकच मागणी मांडणार आहे. शाळेत पहिली तीन वर्षं आपल्या भाषेत शिकवा, आणि ती येणारा मास्तर द्या. माझ्या हुस्ताने आयमारात पाणी मागितलं म्हणून मास्तरने तिला खड्यांवर गुडघे टेकायला लावले. पोरगी आता शाळेचं नाव काढत नाही. मीही अशीच तिसरीतून उठले होते. चार अक्षरं आली ती पुढे रेडिओवरच्या वर्गांमुळे. हुस्ताचा बाप जिवंत असता तर त्याने मास्तराला उचलून सरोवरात बुचकळलं असतं. तो नाही, तेव्हा मलाच बोलायचं आहे.

अर्ज मशीनवर टाइप केलेला लागतो. सोबत दोन कागद आहेत. एकावर मजकूर आणि नावं, दुसरा कोरा. त्याच्या तळाशी गावाचा शिक्का आणि पंचांचे अंगठे आधीच उमटवले आहेत. तुझ्या कचेरीतल्या मशीनवर मजकूर त्या कोऱ्यावर उतरव आणि परस्पर अधिवेशनाच्या कार्यालयात देऊन ये. तिकडे बाजारात बटाटे विकणारी आपली फ्रोइलाना हे पत्र आणून देईल.

माया आहेच, शहराच्या हवेने ती विटू देऊ नकोस.
तुझी ताई,
आसुंता


ला पाझ,
१० जून १९७९

ती. ताईस,
इलारियोचा सा. न. वि. वि.

पत्र आणि कागद मिळाले. काम झालं म्हणून समज. सगळे जेवायला गेले असताना अर्ज टाइप केला आणि त्याच दिवशी पोचता केला. तुमचा मजकूर चांगला होता, पण थोडा रांगडा. मी त्याच्यावरून जरा हात फिरवला आहे. समोरच्याच्या डोळ्यांत खुपेल असं काही ठेवलेलं नाही. या गोष्टी तुम्हाला तिकडे कळायच्या नाहीत. रोज कागदांत बसणाऱ्यालाच कळतात.

हुस्ताचं वाचून वाईट वाटलं. पण ताई, त्याच खड्यांवर मीही बसलो होतो आणि म्हणून माझं स्पॅनिश असं झालं की फोनवर कोणी ओळखत नाही. मी मास्तराची बाजू घेत नाही, जे आहे ते सांगतो.

एक विनंती आहे, राग मानू नकोस. अधिवेशनाला येशील तेव्हा घरी येऊ नकोस. सासूबाई राहायला आल्या आहेत, आणि तुझा घेरदार घागरा आणि गोल हॅट जिन्यात दिसली की शेजारी दहा प्रश्न विचारतात. मी फ्रोइलानाच्या दुकानाशी येऊन भेटेन. आमच्या कचेरीत या काटारीवाल्यांना चिथावणीखोर म्हणतात. तेव्हा तिथे माझं नाव कुठे निघणार नाही एवढं बघ.

थंडीत पायांची काळजी घे. मनात किंतु धरू नये ही विनंती.
तुझा,
इलारियो


ला पाझ, फ्रोइलानाच्या घरून,
२५ जून १९७९

इलारियोस,
आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच.

आज सकाळी अधिवेशनाच्या फाटकाशी गेले. मेजावर याद्या घेऊन तिघे बसले होते. मी आसुंता किस्पे, कालापाम्पा असं सांगितलं. त्यांनी बोट फिरवत यादी पाहिली आणि म्हणाले की असं नाव नाही. मी म्हटलं नीट बघा. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. आपला शिक्का, आपले अंगठे, आणि वर तुझं टाइपकाम. आसुंता किस्बर्ट! खाली पाठिंब्याच्या नावांत आपल्या गावचे अकराच्या अकरा मामानी, सगळे माइसमान झालेले. सेवेरो माइसमान! तो मेंढ्यांमागे शेपटीसारखा फिरतो, त्याला हे सांगितलं तर मेंढ्यासुद्धा हसतील.

आणि मजकुरात जिथे जिथे आम्ही ‘आम्ही आयमारा’ म्हटलं होतं, तिथे तिथे ‘आम्ही नम्र शेतकरी’. नम्र हा शब्द तुझ्या पदरचा. सभेत असं कोणी बोललं असतं तर त्याच्या डोक्यात ढेकूळ बसलं असतं.

मेजावरची माणसं वाईट नव्हती. त्यांची अडचण खरी होती. गेल्या महिन्यात दोन ठिकाणी सरकारची माणसं गावकरी म्हणून आत घुसली होती, म्हणून त्यांनी प्रत्येक गावाची जुनी नामावळ मागवून घेतली आहे. कालापाम्पाच्या नामावळीत एकही किस्बर्ट नाही, एकही माइसमान नाही. शिक्का खरा आणि नावं खोटी, तेव्हा ही बाई कोणाची म्हणून लोक माझ्याकडे बघायला लागले. मला आयुष्यात पुष्कळ नावं ठेवली गेलीत, पण सरकारची हेर कोणी म्हटलं नव्हतं. तुझ्यामुळे तेही झालं.

तू हे वाईट हेतूने केलं नाहीस हे मला कळतं. शहरात तुम्ही एकमेकांची नावं अशीच घासूनपुसून देता, शेजाऱ्याच्या कोटावरचा धागा काढावा तशी. पण आता याला एकच उपाय आहे. ज्याने कागद टाइप केला त्याने मेजासमोर येऊन सांगायचं की नावं त्याने बदलली, आणि तो स्वतः कालापाम्पाचा कोण ते. परवा, २७ तारखेला, दुपारी बाराला याद्या बंद होतात. त्यानंतर गावाची मागणी वाचलीसुद्धा जाणार नाही.

उत्तर फ्रोइलानाकडेच दे.
आसुंता


ला पाझ,
२६ जून १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत आलं आणि जिन्यात जाऊन दोनदा वाचलं. चूक माझी. तुमचं भलं व्हावं म्हणूनच केलं गं. बोटांना इतकी सवय झाली आहे की किस्पे लिहायला घेतलं तरी ती आपोआप पुढे जातात. इथे रोज कोणी ना कोणी येऊन हळूच विचारतो की मामानीचं काही करता येईल का, कोंदोरीचं कोंदार्को होईल का. मी करून देतो. माणसं डोळ्यांत पाणी आणून आभार मानतात. तुमच्यासाठी न मागता केलं एवढंच.

पण मी मेजासमोर यावं हे कसं शक्य आहे? कचेरीपासून तो रस्ता दोन वळणांवर. माझ्या शेजारच्या मेजावरचा कारकून वाल्दिविया रोज तिथून जेवायला जातो. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी मला खास विचारलं होतं की तुमच्यात इंडियन, म्हणजे आपल्यासारखं आयमारा, कोणी नाही ना, आणि मी नाही म्हटलं होतं. बापाला मेलेला ठरवणं सोपं, पण मी तर बाप नव्हताच असं सांगून बसलो आहे. हे लिहितानाही लाज वाटते.

एक मार्ग सुचतो. उद्या सकाळी मी तुला किस्बर्ट नावाचं ओळखपत्र करून देऊ शकतो. माझ्या ओळखीचा माणूस आहे, तासाभराचं काम. मग यादी आणि तू जुळाल, आणि कोणालाच काही सांगावं लागणार नाही. विचार कर.

तुझा अपराधी,
इलारियो


ला पाझ,
२६ जून, संध्याकाळी

इलारियोस,

विचार केला. तेवढा वेळ लागला नाही.

किस्बर्ट होऊन आत गेले तर तिथे उभी राहून काय सांगू? की माझ्या मुलीला तिची भाषा परत द्या, नाव तेवढं मी बदलून आणलंय?

मी रागावलेली नाही. तू दहा वर्षांचा असताना पाटीवर स्पॅनिश गिरवून घरी यायचास आणि आई तुला दोनदा वाढायची. तुझ्या शिकण्यावर आम्ही सगळ्यांनी जीव टाकला, आणि शिकून तू काय व्हायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही. त्यात आमचीही चूक असेल. पण ते उद्या बारानंतर बोलू.

मी फाटकातून हलणार नाही. आलास तर ये. न आलास तर त्या मेजासमोर उभी राहून गावाची मागणी बाहेरूनच ओरडून सांगेन. आवाज मला देवाने बक्कळ दिलाय.

घरी ये म्हणत नाही, मेजाशी ये.
तुझी ताई


ला पाझ,
२९ जून १९७९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा मी तुझ्याशी न बोलताच निघून आलो, त्याची क्षमा कर. मेजासमोर बोललो आणि मागे वळलो तर रांगेपलीकडे वाल्दिविया उभा, हातात पावाचा तुकडा. त्यानंतर काही सुचलं नाही. तू आत गेलीस का, बोललीस का, मला काहीच ठाऊक नाही. लगेच कळव.

साहेबांनी काल बोलावून घेतलं. हसत हसत म्हणाले की इतकी वर्षं आपल्या मशीनवर एक इंडियन बसला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे स्पॅनिश उत्तम हो तुमचं. मशीन काढून घेतलं. आता तळघरातल्या जुन्या फायलींना दोऱ्या बांधायच्या. नोकरी आहे, पण किती दिवस ते माहीत नाही.

तुझी भावजय मिर्ता दिवसभर माझ्याकडे पाठ करून कपडे धूत राहिली. सासूबाई मात्र इतक्या संतापल्या की त्यांचं स्पॅनिश संपलं, आणि पुढचं सगळं त्यांनी अस्खलित आयमारात सुनावलं. मी आणि मिर्ता बघतच राहिलो. मग त्यांना स्वतःच्याच कानांवर विश्वास बसेना आणि त्या खोलीत जाऊन बसल्या. अजून कोणी तो विषय काढलेला नाही.

भीती गेली असं खोटं सांगत नाही. पण परत जाऊन शब्द मागे घ्यावेत असंही वाटत नाही.

उत्तराची वाट बघतो. तोवर आठवणीत असू दे.
इलारियो


कालापाम्पा,
४ जुलै १९७९

चि. इलारियोस,
ताईचे अनेक, अगदी झोळीभर आशीर्वाद.

आधी निकाल सांगते. मला आत घेतलं. मी बोलले, आयमारातच बोलले, आणि हुस्ताचे गुडघे त्या सभागृहासमोर ठेवले. आपली शाळेची मागणी ठरावात आली आहे, कालापाम्पाच्या नावासकट. उद्या लगेच नवा मास्तर येईल असं नाही. सरकार ठराव वाचायलाच वर्ष घेईल. नाही वाचला तर आम्ही रस्त्यावर दगड टाकून बसू, दगडांची इथे कमी नाही. हुस्ताला मात्र मी सोमवारी पुन्हा शाळेत पाठवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिले. मास्तरने मान खाली घालून हजेरी घेतली. रोज उभी राहणार आहे.

तुझी चूक गावापुढे आली. सेवेरो दोन दिवस स्वतःला ‘डॉन माइसमान’ म्हणवून घेत हिंडला. सभेने ठरवलं की तू ऑगस्टमध्ये गावी यायचं, सगळ्यांसमोर माफी मागायची आणि अर्ज नव्याने हाताने लिहून द्यायचा. मिर्ताला घेऊन ये. सासूबाई आल्या तर त्यांनाही आण. आता बोलायला अडचण नाही. नोकरी गेलीच तर रान आहे, घर आहे, आणि रागवायला मी आहे.

तू पळालास म्हणून एक गोष्ट तुझी बघायची राहिली, ती सांगते. मेजासमोर तू मोठ्याने सांगितलंस ना, की तू इलारियो किस्पे, कालापाम्पाच्या तोमास किस्पेचा मुलगा, आठ वर्षं किस्बर्ट म्हणून राहिलास आणि ही तुझी बहीण आहे. त्या तिघांनी नामावळीत बाबांचं नाव शोधलं आणि यादीत माझ्या नावापुढचं किस्बर्ट खोडून किस्पे लिहिलं. तू निघालास. रांगेत माझ्या मागे पाकाहेसकडचा एक म्हातारा होता, कोट घातलेला, शहरात जन्म काढलेला. कागदांवर तो कोंदार्को होता आणि त्याचा कागद, त्याची यादी, सगळं जुळत होतं. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. पण तो मेजाशी आला आणि म्हणाला की त्यालाही दुरुस्ती करायची आहे. मग त्याच्या मागचा. मग त्याच्याही मागचा. लोक रांगेतून बाहेर पडून पुन्हा शेवटी येऊन उभे राहायला लागले, नाव बदलून घ्यायला नव्हे, परत घ्यायला. खोडून खोडून याद्यांचे कागद फाटले. सभा दोन तास उशिरा सुरू झाली आणि त्या तिघांतला एक डोळे पुसत लिहीत होता.

त्या म्हाताऱ्याला मेजावरच्या तिघांतल्या मुलीने खरं नाव विचारलं. पहिल्यांदा म्हणाला ते कोणाला ऐकूच आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग त्याने हॅट काढली आणि ‘कोंदोरी’ म्हणाला, मोठ्याने. आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, ‘मी बरोबर म्हटलं ना?’

तब्येतीला जप, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.
तुझी ताई,
आसुंता किस्पे