वाळूच्या पिंपातली बाळंतीण

कोल्हापूर, मंगळवार

तीर्थरूप अक्कास,
नागसेनचा सप्रेम जय भीम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींनी गोड कमी केलं का? (केलं नसणार, पण विचारायचं काम मी केलं.)

परवा फोनवर तू ‘ठाण्यात काय झालं?’ म्हणून विचारलंस आणि मी विषय बदलला. झालं ते असं. आमचा शिपाई उदयसिंह बंदोबस्तावरून आला, पिस्तुलाचं मॅगझिन काढलं आणि रिकामं झालं समजून चाप ओढला. एक गोळी नळीतच राहिली होती. ती माझ्या कानाजवळून जाऊन चहाच्या थर्मासात घुसली. सगळे थर्मासाकडे धावले. अक्का, मी फार घाबरलो गं. दोन दिवस घास उतरला नाही.

मग साहेबांनी दारात वाळूनं भरलेलं अर्धं पिंप ठेवलं. बाहेरून येणाऱ्यानं नळी वाळूकडे धरून हत्यार रिकामं करायचं, मगच आत पाऊल टाकायचं. देखरेख माझ्याकडे (गोळी माझ्या कानाजवळून गेली, म्हणजे विषयाचा अनुभव मलाच). चार दिवस सगळ्यांनी ऐकलं. पुढं ‘माझं रिकामंच हाय की’ म्हणत जो तो सरळ आत. पिंपाकडे कुणी फिरकेना म्हटल्यावर एका मांजरीनं त्यात तीन पिलं घातली. आता ती बशीतून दूध पितात, ठाणंभर हिंडतात, पण झोपायला पिंपातच.

आणि काय सांगू, तेव्हापासून मंडळी एकदम शहाणी झाली. नृसिंहवाडीचा बंदोबस्त करून आलेला दमलेला माणूससुद्धा मागच्या मातीच्या ढिगाकडे जातो, हत्यार रिकामं करतो, दोनदा बघतो आणि वर मला दाखवतो, ‘नागसेनदादा, मोकळं हाय न्हवं? आत पिलं हाईत.’ आत इतकी वर्षं मीही बसतोय, ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. राग आला, खरंच आला.

शुक्रवारी वरच्या साहेबांची तपासणी आहे. पिंपात बाळंतीण सापडली, तर नोटीस मलाच. दाजींना जय भीम.

तुझा धाकटा,
नागसेन

ता. क. तुझ्याकडे उंदीर फार झालेत, असं तूच म्हणाली होतीस. हे पत्र आणणाऱ्या उदयसिंहाच्या हातातली वेताची बुट्टी घरात घे. दार लावू नकोस, बिचारा जयसिंगपूरपर्यंत एसटीत उभा आलाय.

आणखी एक. बुट्टीत आई आणि दोनच पिलं आहेत. तिसरं माझ्या टेबलावर ठेवून घेतलंय. ते तिथं असलं की आत येणारा प्रत्येक जण नळी खाली धरतो.