कावळा, कचोरी आणि एक मत

छत्रीबाग, इंदूर
ता. ११ फेब्रुवारी १९६०

तीर्थस्वरूप कृष्णदादा यांस तुकोजीचा साष्टांग नमस्कार.

सुतक असल्यामुळे वर ‘श्री’ लिहिलेला नाही, विसरलो असे समजू नये. तुमची प्रकृती बरी असावी. भोपाळची हवा मानवते का, हे तीन वर्षे विचारायचे राहिले, ते आज विचारतो. भाऊसाहेब गेल्याचे कोपरा फाडलेले कार्ड पोचले असेलच. उत्तर आले नाही, त्याचा राग नाही. मी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ नि तुम्ही मावसभाऊ, तरी एका ताटात जेवून वाढलात ते तुम्ही दोघे. राग धरायचा तर तुम्हीच धरावा.

आज दहावा झाला. त्याची हकिकत लिहायची आहे, पण आधी भाऊसाहेबांचे ते इंग्रजी. महूला रिसाल्याच्या साहेबाबरोबर घोड्यांच्या शर्यती पाहिल्या, तेव्हापासून ‘वन बाय अ नोज’ त्यांच्या तोंडी बसले. घोडा नुसत्या नाकाने पुढे राहून जिंकला, एवढाच अर्थ. पण सुटती बस मिळाली तरी तेच, दूध उतू जायच्या आत उतरवले तरी तेच. स्वतःच्या लग्नात मुहूर्ताला दोन मिनिटे असताना मांडवात पोचले, तेव्हाही अंतरपाटाआडून तेच म्हणाले. (वहिनींना वाटले, हे इंग्रजीत मंत्र म्हणतात. परवा त्या हे सांगत होत्या आणि हसता हसता मध्येच थांबल्या.)

तर आज नदीच्या घाटावर पिंड ठेवले, शेजारी त्यांच्या आवडीची जलेबी. समोरच्या झाडावर सात कावळे, पण एक हलेना. मी म्हणालो, वहिनींना अंतर देणार नाही. कावळ्याने मान वाकडी करून पाहिले नि तसाच बसला. मी म्हणालो, तुमच्या चारुलताचे बी. ए. पुरे करीन. तरी नाही. शेजारचे धोंडिबा हात जोडून म्हणाले, ‘भाऊसाहेबजी, सायकलचा पंप आजच परत करून देतो, बस एकदा शिवून टाका.’ (पंप त्यांच्याकडे आहे हे आजच कळले. आम्ही तीन वर्षे दूधवाल्यावर संशय घेत होतो.) बारा वाजत आले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा शिवला नाही तर दर्भाचा लावायचा, अशी रीतच आहे. पण भाऊसाहेबांच्या मनातले मनात राहील, हे मला सोसवेना, कारण ते काय आहे हे मला ठाऊक होते.

जुनी इंदूरच्या आपल्या वाचनालयाची निवडणूक. भाऊसाहेबांना एक्केचाळीस, तुम्हाला चाळीस. सगळ्यांसमोर तुमच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, ‘वन बाय अ नोज’, आणि तुम्ही भरलेला चहाचा कप तसाच ठेवून निघून गेलात. पुढे तुमची कचेरी भोपाळला गेली, तिच्याबरोबर तुम्हीही. शंकररावांनी मत फिरवून दगा दिला, असे तुम्ही म्हणता, असे ऐकतो. शंकररावांनी दगा दिला नाही. ते मत माझे होते. तुम्हाला शब्द दिला होता, पण चिठ्ठी हातात आल्यावर सख्ख्या भावाविरुद्ध हात चालला नाही.

घाटावर मी हळूच म्हणालो, ‘भाऊसाहेब, कृष्णदादांना खरे लिहितो.’ गुरुजींचा दर्भ पिंडापासून वीतभर असेल, तोच कावळा उतरला आणि शिवला. माझ्या ओठांवर ते इंग्रजी आले होते. पण ज्यांनी म्हणायचे तेच नव्हते, म्हणून गिळले.

रागवायचे तर माझ्यावर रागवावे. शंकररावांना मात्र दोन ओळी टाकाव्या, ते आता थकले आहेत.

तुमचा
तुकोजी

ता. क. खरे लिहायचे ठरवलेच आहे, म्हणून : त्याच क्षणी धोंडिबांनी जलेबीशेजारी गरम कचोरी ठेवली होती. कावळा कशासाठी उतरला, हे सांगता येत नाही. शब्द मात्र मी देऊन बसलो आहे.

आणखी ता. क. रविवारी तेरावा आहे. या. निवडणुकीच्या दिवशी तुम्ही उठून गेल्यावर मी भाऊसाहेबांना माझ्या मताचे सांगितले. ते बराच वेळ तुमच्या कपाकडे पाहत बसले. मग म्हणाले, ‘हरलो असतो तर कृष्णा चहा पिऊन गेला असता.’ त्या निवडणुकीचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. वहिनी म्हणतात, रविवारी तुम्ही आल्याशिवाय चहाचे आधण ठेवणार नाही.