दिव्याची हाक

अण्णा, मागच्या शनिवारी कॅनॉटच्या बाजारातल्या एका दुकानात मी काचेच्या काउंटरवर गाल टेकवून उभी होते. दुकानदार घाबरला. "ताई, चक्कर आली का? पाणी मागवू?" मी झोपताना घालायचे इयरबड घ्यायला गेले होते. मी कुशीवर झोपते. बड कानाबाहेर जरा जरी आला तरी उशी तो आत दाबते आणि कान ठणकतो. ते उभ्यानं कळत नाही. तो प्रत्येक डबी उघडून सांगत होता, "ह्याचा बास ऐका, लई भारी." मी म्हटलं, मला काहीच ऐकायचं नाही. "मग कापूस घाला की!" तुम्ही असतात तर हसला असतात. अर्थात तो काय म्हणाला ते मी आधी ओरडून सांगितल्यावर.

घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर आता इमारत उठतेय. काँक्रीटच्या गाड्या रात्रीच येतात, त्यात जालना रोड, त्यात कुत्री. आवाज मारणारे महागडे बड इंजिनाची घरघर खातात, पण हॉर्न आणि भुंकणं आत येतंच. त्यापेक्षा कानाच्या मापाचं मऊ टोक बरं. माझ्या डाव्या कानाला लहान माप लागतं. हे मला बारावीतच कळलं होतं, तुमच्यामुळे. तुम्ही चिकलठाण्याच्या कारखान्यातून, पत्रा कापायच्या प्रेस शॉपमधून, पिवळ्या फोमचे बोळे आणायचात, न फोडलेल्या पाकिटात. कंपनी ते कामगारांना द्यायची. तुम्ही घालत नव्हतात. "पत्रा नीट कापला नाही की ठोका बदलतो. कान बुजवून बसलो तर मला कधी कळणार, डायचा साचा फुटल्यावर?" असं म्हणून पाकीट माझ्या वहीवर ठेवायचात. "घाल. शेजारच्या टीव्हीला बारावी नसते."

त्या शांततेत मी अभ्यास केला आणि त्याच काळात तुमचे कान गेले. कॉलेजात असताना मी घरी इयरफोन लावून बसले होते, तेव्हा तुम्ही एकदाच बोललात. "माझे मशीननं नेले. तू पैसे भरून घालव." आता मीही कारखान्यात आहे, प्रेसच्या लाइनवर बोळ्यांशिवाय कुणाला उभं राहू देत नाही. मला खडूस म्हणतात.

हाका मारून आईचा घसा बसायचा, म्हणून तिनं बटण धरलं. बैठकीतल्या दिव्याचं बटण स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे. दिवा दोनदा उघडमीट झाला की चहा. तुम्ही पेपरमागून ओरडायचात, "आलो, आलो, बिल वाढवू नका!" आणि आई पातेल्यावर झाकण आपटायची, जे तुम्हाला ऐकू यायचं नाही.

तुमच्या शेवटच्या आजारपणात मी तुमच्या खोलीच्या भिंतीकडचा कान उघडा ठेवून झोपायला शिकले. तुमचा खोकला थांबला तर कळावं म्हणून. तुम्ही गेल्यावर तो कान आईकडे लागला, तो अजून तसाच आहे. गाडीच्या आवाजानं उठते, मग पलीकडे आईचा श्वास ऐकू येईपर्यंत पडून राहते. मागच्या महिन्यात झोपेच्या गुंगीत माझा हात चालू प्रेसकडे गेला. ऑपरेटरनं मनगट धरलं. हे आईला सांगितलेलं नाही. तिला एवढंच विचारलं, मी कान बंद करून झोपले आणि रात्री तुला काही झालं तर?

"काय व्हायचंय मला?" ती भाजी निवडत म्हणाली. "बटण आहे की. तुझ्या बापाला बोलवत होते, तुला नाही बोलवता येणार व्हय?"

मग मी बैठकीत दिव्याखाली अंथरूण घातलं. त्या दुकानातून आणलेले बड कानात नीट बसले होते. कान दुखला नाही, एकही गाडी ऐकू आली नाही, इतक्या वर्षांत प्रथमच सलग झोपले. सकाळी पापण्यांवर उजेड आला, गेला, पुन्हा आला.

अण्णा, हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. चहा झाला होता, हाक मला होती, हे मला कळलं होतं. तरी मी डोळे मिटून पडून राहिले. तुमचं "आलो, आलो" ऐकू यायची वाट पाहत. कान दोन्ही बंद होते.