खिडकीतली वायर

अगं,

तू ड्यूटीवर असताना गाडीच्या टपावर दोन्ही सोलर पॅनल बसवून घेतले. शिडी धरायला शेजारच्या वेल्डरला बोलावलं, तुला धर म्हणायची सोय राहिली नाही. पाडलेल्या भोकांत सीलंट भरलंय, पाणी गळणार नाही. वायर आत घेऊन बॅटरीला जोडली. दिवा लागतो, पंखा फिरतो. जरा डुगडुगतो, पण आता मीही डुगडुगतोच.

दोघांनी फिरायला म्हणून घेतलेली ही गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही. मी तिच्यात झोपायला लागलो तेव्हापासून वीज तुझ्या घरातलीच वापरत होतो. त्यावरून तू एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं.

लेकीचा फोन आला तर बाबा गाडीच्या कामात आहेत, एवढंच सांग.

स्वयंपाकघरातून ओढलेली वायर काढून, गुंडाळून ओट्याखाली ठेवलीये. तुझ्या भावाला हवी होती, देऊन टाक. तिच्यामुळे खिडकी अर्धवट उघडी राहायची आणि तुझा खोकला मला गाडीत ऐकू यायचा. ते औषध बदल.

खिडकी आता पूर्ण बंद होते. बाहेरून ओढून पाहिली. कडी आतून आहे, तेवढी तू लाव.