राउनो आणि वॉर्डन

हेल्मी लेक
१२ ऑक्टोबर १९८६

चि. सिल्वीस आयलाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या ताइमीला माझ्याबरोबर शिकारीला पाठवायला तू नाही म्हणतेस, ते मी वाचलं आणि सोडून दिलं. तुझा नकार म्हणजे दुलुथचं हवामान, दुपारपर्यंत बदलतो.

यंदा सरकारने अठराच्या आतल्या मुलांची शिकारीच्या आणि मासेमारीच्या लायसन्सची फी उतरवून पाच डॉलरवर आणली. माझ्या दुकानात नुसती झुंबड आहे. गळाची गांडुळं विकायची की लायसन्सं लिहायची, हेच कळत नाही. रानात लायसन्सं तपासणारा वॉर्डन, म्हातारा एकबर्ग, आता निवृत्त झालाय, तरी रोज कॉफीला येतो आणि पोरांना दटावतो. अंगातला वॉर्डन काही जात नाही.

तुला भीती कशाची वाटते ते मला ठाऊक आहे. माझा राउनो चौदाचा होता, ताइमीही चौदाची. तेव्हा मुलांना मोठ्यांइतकीच फी होती आणि गिरणी बंद पडलेली. पुढच्या वर्षी लायसन्स काढू, असं त्याच्या बापाने सांगितलं. पोरगा बापाची बंदूक घेऊन तसाच गेला. दलदलीने त्याचा बूटसुद्धा परत दिला नाही. मी ताइमीला त्या बाजूला नेणार नाही, टेकडीवरच बसू. तिला लोकरीचे जाड मोजे दे.

तुझी,
आयला

दुलुथ
१६ नोव्हेंबर १९८६

ती. आयलाताईस सिल्वीचा नमस्कार. वि. वि.

हरणाचं मांस मिळालं. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. पण ताई, हे पत्र मी दोनदा फाडून पुन्हा लिहितेय. बसून वाच.

शिकारीच्या दुसऱ्या दिवशी तू थर्मास आणायला गाडीकडे उतरलीस, तेव्हा ताइमीपाशी एक मुलगा आला होता. तिला वाटलं, गावातलाच कोणी असेल. लाल चौकडीचं जाकीट, नखशिखान्त भिजलेला, पण कुडकुडत नव्हता. बंदुकीच्या नळीवर शेवाळ होतं. त्याने विचारलं, एकबर्गकाका गेले का?

म्हणाला, मी लपलोय. दिवे आणि कुत्री घेऊन सगळे माझ्या नावाने हाका मारत होते, पण पुढे वॉर्डन होता. माझ्याकडे लायसन्स नाही, तो बाबांची बंदूक घेऊन जाईल. म्हणून मुळांखाली श्वास धरून पडलो. ते अगदी जवळून गेले.

ताइमी हसली. अरे वेड्या, आता पाच डॉलरच लागतात, माझ्या मावशीच्या दुकानात मिळतं, असं तिने सांगितलं. त्यावर तो इतकंच म्हणाला की आई रागावेल. मग दलदलीकडे चालत गेला. पाण्याचा आवाज झाला नाही.

ताई, तिने राउनोचा फोटो कधी पाहिलेला नाही. तो गेला तेव्हा ती पाळण्यात होती. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू दुकान बंद कर आणि हिवाळाभर आमच्याकडे ये, हात जोडते. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सिल्वी

दुलुथ
१७ नोव्हेंबर

प्रिय मावशीस नमस्कार.

आईला न सांगता लिहितेय. सोबत माझे पाच डॉलर आहेत, त्या मुलाचं लायसन्स काढ. नाव विचारायचं राहून गेलं. आईला एक गोष्ट सांगितली नाही. तो सारखा कुजबुजत होता. माझ्या तोंडावर बोट ठेवून म्हणाला, हलू नकोस, ते बघ दिवे येताहेत. भर दुपार होती मावशी. तिथे कुणीच नव्हतं. पण त्याचं बोट लागलं, आणि मग मलाही कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं.

तुझी लाडकी,
ताइमी

हेल्मी लेक
३० नोव्हेंबर १९८६

चि. सिल्वीस आशीर्वाद. ताइमीला माझा गोड पापा.

तुझं पत्र मी एकबर्गला वाचून दाखवलं. त्याची कॉफी तशीच गार झाली. मग म्हणाला, आयला, त्या रात्री त्या मुळांपाशी माझा कुत्रा थांबला होता, मीच त्याला ओढून पुढे नेलं. उठून घरी गेला आणि जुना गणवेश घालून आला. पोटावर बटणं लागत नव्हती. एरवी मी हसले असते.

दुपारीच गेलो. कडेला बर्फ धरलं होतं. दलदलीपाशी एकबर्ग ताठ उभा राहिला आणि पूर्वीच्याच करड्या आवाजात ओरडला की, राउनो, फी भरलेली आहे, दंड नाही, बंदूकही नेणार नाही, आता बाहेर ये. मग त्याचा आवाज फुटला. म्हणाला, पोरा, माझीच चूक झाली, ये रे.

डोमकावळे गप्प झाले. मग आत कुठेतरी बर्फ कडकन मोडलं. पुन्हा मोडलं, जरा जवळ. सिल्वी, मला पळावंसं वाटलं. स्वतःच्या लेकरापासून! एकबर्गने टोपी काढली आणि बाजूला सरून वाट दिली. आमच्यामधून ओल्या लोकरीचा वास गेला.

परतताना एकबर्ग पुढे, मी मागे. मधे एका माणसाची जागा सोडून आम्ही चाललो. खाली बर्फाकडे दोघांनीही पाहिलं नाही. घराशी माझा कुत्रा भुंकला नाही, शेपूट हलवत पोटावर सरपटत आला.

राउनो समजत होता की मी रागावेन. दार उघडलं तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, पाय पुसून आत ये. मी बघत उभी होते. कोरडं पायपुसणं एका बाजूने दबलं, मग दुसऱ्या बाजूने, आणि काळं पाणी पसरत गेलं.

हिवाळ्यात तुझ्याकडे येणं जमणार नाही. रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझी,
आयला