आठ पेल्यांचं चित्र

बाई, परवा केदारखेड्याची ती मुलगी दुकानात आली होती. तुम्हाला ती नक्की आठवली असती. माणसं तुमच्या लक्षात चेहऱ्यापेक्षा हातांवरून राहायची, आणि तिच्या हातावर भाजल्याचा लांबट डाग आहे. तुमच्याकडे आली तेव्हा ती नर्सिंगचा कोर्स करून सासरी बसलेली सून होती. आता नाशिकला दवाखान्यात नोकरी करते. भावाच्या लग्नाच्या पत्रिका छापायला आली होती. ती गेल्यापासून माझं कामात लक्ष नाही. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, असं मी ही आठ वर्षं समजत होतो.

तुमची माझी ओळखही याच दुकानातली. तुम्ही टॅरो कार्डांचे अर्थ मराठीत लिहून टाइप करायला आणले होते. मी दहावीत गणितात अडकलेला, पण चुकीची वेलांटी मला बघवत नाही. मी घाबरत पेन्सिलीने दोन खुणा केल्या. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तीस वर्षं चित्रकला शिकवली मी, शुद्धलेखन न्हाई. उद्या दुपारी घरी ये." मी आलो ते वही घेऊनच. अठ्ठ्याहत्तर कार्डांचे अठ्ठ्याहत्तर अर्थ, समास आखून, लाल-निळ्या शाईत. तुम्ही ती वही चाळलीत, अक्षराचं कौतुक केलंत आणि ओट्याशेजारच्या टेबलावर ठेवून तिच्यावर वरणाचं गरम पातेलं ठेवलंत. वहीला अजून तो गोल डाग आहे. मग पातेल्याशेजारी एक कार्ड ठेवून विचारलंत, "काय दिसतं?"

"दुःख," मी म्हणालो.

"दुःख कुठं काढलंय यात? मला तर माणूस दिसून राह्यलाय. काळा झगा घातलेला. तीन पेले सांडलेत, दोन उभे आहेत आन् उभ्यांकडं त्याची पाठ आहे. आधी एवढं सांगायचं. दुःखबिःख मागून."

तुमची सगळी विद्या मला त्या एका वाक्यात दिसते. आधी जे आहे ते बोलायचं. मग शेजारच्या कार्डाकडे बघायचं, यातला माणूस त्याच्याकडे तोंड करून आहे का पाठ. मग समोरच्या माणसाला विचारायचं, तुम्हाला यात कोण दिसतं, आणि तो बोलायला लागला की आपण गप्प बसायचं. उलटं आलेलं कार्ड वाईट नसतं. तीच गोष्ट अडकून पडलेली असते, आणि कशात अडकली ते त्या माणसालाच ठाऊक असतं. आजारपण घेऊन कोणी आलं तर तुम्ही कार्डांना हातही लावायचा नाहीत. चहा पाजायचा आणि डॉक्टरकडे पाठवायचं. तुमचा भाऊ एकदा दारातूनच म्हणाला, "अक्का, दीक्षा घेतलेल्या घरात हे काय मांडलंय?" तुम्ही भाकरी थापता थापता सांगितलंत, "भविष्य सांगत न्हाई रे. चित्र बघायला शिकवते. नोकरीत दुसरं काय केलं मी?" तो आत आला, जेवला, आणि जाताना हळूच म्हणाला, "माझं बी एक काढ." तुम्ही हसून हसून डोळे पुसलेत.

माझी खोड तुम्ही पहिल्या आठवड्यातच ओळखली होती. छापखान्यात कागदाची चळत ठोकून चारही कडा एका रेषेत आणायची सवय लागलेली, त्यामुळे कार्डं मांडतानाही माझी बोटं ती सरळ करत राहायची. तुम्ही दोनदा हातावर चमचा मारलात. तिसऱ्या वेळी ती मुलगी समोर बसली होती. नाशिकला नोकरी मिळत होती, सासरचे नको म्हणत होते, जाऊ का नको एवढाच प्रश्न. तुम्ही मला कार्डं मांडायला बसवलंत. तिसरं कार्ड आठ पेल्यांचं. रचून ठेवलेले पेले मागे टाकून एक माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालाय. ते उलटं आलं होतं. माझ्या बोटांनी ते फिरवलं. बाई, ती सवय नव्हती. तिचा चेहरा बघून मला भीती वाटली, म्हणून मी फिरवलं आणि म्हणालो, "यात माणूस निघालाय." ती गेल्यावर तुम्ही बराच वेळ टेबल पुसत राहिलात.

"कागद सरळ कर, हजार वेळा कर. बाई म्हणजे काय कागद आहे का?" मग म्हणालात, "कशात अडकलंय ते ती सांगणार होती. तू तिला बोलूच दिलं न्हाईस. उद्या केदारखेड्याला जायचं. कार्ड उलटं आल्तं, मी फिरवलं, एवढंच तिला सांगायचं. मंग जाऊ दे न्हाई तर राहू दे, तिचं ती बघंल."

मी सकाळच्या एसटीने जालन्याहून निघालो. खिडकीशी बसून ते वाक्य मनात घोकत होतो, त्यातले शब्द बदलत होतो. वाटेत राजूरला गाडी थांबली, गणपतीला आलेले लोक उतरले, त्यांच्याबरोबर मीही उतरलो. पायऱ्यांवर बसलो. केदारखेड्याच्या दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या. तिसरी आली ती जालन्याची, तिच्यात बसलो. तुम्ही दारातच होतात. "सांगितलं?" मी म्हणालो, "सांगितलं." "काय म्हणली?" "बरं म्हणाली." "इतकंच?" तुम्ही विचारलंत आणि आत गेलात. आठवड्याने तुम्ही तो कार्डांचा जोड तुमच्या जुन्या ओढणीत बांधून माझ्या हातात दिलात. म्हणालात, "आता तूच सांभाळ." दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. त्या जोडावर माझा हक्क नाही असं वाटायचं, म्हणून मी तो कधी कोणासमोर मांडला नाही.

परवा पत्रिकेचा नमुना बघताना ती मुलगी एकदम म्हणाली, "दादा, तुमी ते कार्ड फिरवलं होतं ना?"

मी समोरची कागदाची चळत ठोकून सरळ केली. विचारलं, "मग तेव्हा बोलल्या का नाहीत?"

"मला बिलकुल जायचंच होतं. अडकले होते ते भीतीनं. तुमचा हात कापत होता. म्हणलं, माझ्यापेक्षा हाच माणूस जास्त भ्यालाय, मंग मला काय झालं?" ती हसली. "दुसऱ्या दिवशी रात पडायच्या आत बाईंचा फोन आल्ता. आमचा पोरगा पोचला का, म्हणल्या. म्हणलं, न्हाई, कोणीच आलं न्हाई. मंग त्यांनीच सांगितलं सगळं."

म्हणजे जोड दिलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी कालपासून ती ओढणी सोडून समोर ठेवली आहे आणि तुम्ही जोड दिलात तो दिवस कार्डासारखा बघतोय, तुम्ही शिकवलं तसं, आधी जे दिसतं तेच. एक बाई हात पुढे करून काहीतरी देते आहे. एक माणूस खाली बघून ते घेतो आहे. यापुढे मला काही वाचता येत नाही, आणि विचारावं असं समोर कोणी नाही.

आज दुपारी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दुकानात शेजारच्या शिंप्यासमोर तीन कार्डं मांडली. मधलं उलटं आलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो. त्याला म्हणालो, हे अडकलंय, कशात ते तुम्ही सांगा. तो तासभर बोलला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, घडी घालून ओढणीत ठेवीन. तरी मी ते स्वच्छ अक्षरात पुन्हा पुन्हा उतरवत बसलो. ही तिसरी प्रत आहे. आधीच्या दोन्हींत मी केदारखेड्याला पोचलो होतो.