आईच्या ओठांवर दुसरीचा आवाज

भालकी, मंगळवार, संध्याकाळ

तीन वर्षांपूर्वी आमच्या बसस्टँडवर शूटिंग झालेला तो सिनेमा शेवटी मोबाईलवर आला. आपण कुठले, कोणाचे, हे गावोगाव विचारत फिरणाऱ्या एका पोराची गोष्ट. तेव्हा दिग्दर्शकाला आईचा चेहरा आवडला आणि त्यानं तिला एक वाक्य दिलं. ते तिनं आपल्याच पद्धतीनं म्हटलं, "कोणाचा हैस रं बाबा तू?" दिग्दर्शकानं पहिल्याच टेकला ओके केलं होतं.

आणि मी काय केलं? दिग्दर्शकाला बाजूला घेऊन म्हणालो, आवाज दुसऱ्या बाईचा घाला, आमची कानडी मिसळलेली बोली ऐकून लोक हसतील. लोक म्हणजे कोण? माझी लातूरची सासुरवाडी, दुसरं कोण.

आज आईला शेजारी बसवून दाखवला. ती दिसली, ओठ हलले, आणि पुण्याकडची कुणी बाई बोलली, "बाळ, तू कोणाचा आहेस?" ओठ मात्र आईचेच. तेवढंच तिनं मला दोनदा परत लावायला सांगितलं.

"माझा आवाज कामून न्हाई रं?"

"वाऱ्यानं खराब झाला म्हणं," मी बोलून गेलो. इतकं सहज खोटं. तिला ते पटलं, हेच जास्त लागलं. त्या पोराचं पुढं काय झालं, ते मी बघितलंच नाही.

मोबाईल परत देताना आई म्हणाली, "बाई गोड बोलायलीय. कोणाची हाय रं ती?"